मास्तरांचा भाडेकरू

काचवाला मास्तरांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो त्या खोलीत झोपत मात्र नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

घर तसं साधंच. रस्त्याला लागून शिवणकामाचं दुकान, त्यामागे मास्तरांची खोली आणि स्वयंपाकघर. वरच्या खोलीला बाहेरून लोखंडी जिना. वर एक खाट, खुंटीला दोन शर्ट आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचा. मास्तरांची थोरली बहीण, अक्का, यायची असली की आदल्या दिवशी काचवाला वर जाऊन त्या खाटेवर लोळून यायचा. चादर चुरगळायची, उशीला खळगा पाडायचा, ओला टॉवेल दारावर टाकायचा. खाली आला की मास्तर कात्रीवरची नजर न काढता विचारायचे,

"झोपलास का नीट?"

"झोपलो."

"घोरलास?"

"घोरायचं राहिलं."

वर्षानुवर्षं हाच विनोद. शिळा झाला होता, पण दोघांना टाकवत नव्हता.

काचवाल्याचं काम म्हणजे खिडक्यांना, कपाटांना, दुकानांच्या दर्शनी भागाला काचा बसवणं. हातातल्या हिरकणीने, काच कापायच्या हत्याराने, काचेवर एकच रेघ ओढायची, खालून हलकी टिचकी मारायची, की काच त्या रेघेवर सुटते. रेघ दुसऱ्यांदा गिरवली की काच वाटेल तशी फुटते. या कामाने तो मुळात अबोल होता तो आणखी अबोल झाला. एकदा जे केलं ते केलं, पुन्हा त्यावर हात फिरवायचा नाही, असं त्याचं होतं. मास्तरांचं उलट. ते मापं घेताना गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा मारत, लग्नाच्या मुलाला बापापेक्षा जास्त उपदेश करत, आणि कुणी "मास्तर, तुमचं कधी?" म्हटलं तर टेप गळ्यात टाकून म्हणत, "अहो, दुसऱ्यांचे कोट शिवता शिवता स्वतःचं माप घ्यायचं राहून गेलं." गिऱ्हाईक हसत हसत जायचं. मास्तर आत येऊन पेलाभर दारू प्यायचे.

दोघांची गाठ पडली ती 'वाचनालयात'. वाचनालय हे त्या जागेचं खरं नाव नव्हतं. एका गोदामाच्या मागच्या बाजूला, पाटी नसलेला, पिवळ्या दिव्याचा एक बार होता. तिथे त्यांच्यासारखे पुरुष जमत. घरी सांगायला म्हणून कुणीतरी एकदा 'वाचनालयात जाऊन येतो' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. "आज किती पुस्तकं वाचलीस?" असं एकमेकांना विचारत. "तीन. चौथं अर्धं झालंय, बायको वाट बघतेय." बायका-पोरं असलेलेही बरेच होते.

त्या गावात त्यांना भेटायला दुसरी जागा नव्हती, आणि तिथे रिकाम्या हाताने बसता येत नव्हतं. पहिला पेला भीती जावी म्हणून. दुसरा बोलता यावं म्हणून. तिसरा समोरच्याच्या डोळ्यांत बघता यावं म्हणून. पुढचे कशासाठी हे मग कुणी विचारत नसे. काचवाल्याने मास्तरांचा हात पहिल्यांदा धरला तेव्हा दोघंही पाय लटपटेपर्यंत प्यायलेले होते. त्याला पुढे अनेकदा वाटायचं, शुद्धीत असतो तर धरला असता का? आणि मास्तरांनी धरू दिला असता का? उत्तर त्याला आवडत नसे.

वाचनालयातले लोक एकेक करून गेले. नशेत सावधगिरी कुणाला सुचणार? एकाला त्यातून आजार जडला, आणि लाजेपायी तो दवाखान्याची पायरी चढला नाही. एकजण घरी जाताना नाल्यात पडला तो सकाळी सापडला. टपाल वाटणारा एक हसरा माणूस होता, तो तिथल्या मोरीत रक्त ओकला आणि दोन दिवसांत संपला. त्याच्या मयताला सगळे लांब उभे राहिले, कारण 'तुम्ही त्यांचे कोण?' असं कुणी विचारलं तर सांगायचं काय? त्या दिवसापासून काचवाल्याने दारू सोडली. सोपं गेलं नाही. पण टपालवाल्याचं ते रक्त डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

मास्तरांनी सोडली नाही. काचवाल्याने सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा बाटली मोरीत ओतून पाहिली. त्या रात्री मास्तर त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत, नुसते छताकडे बघत पडले. शुद्धीतले मास्तर म्हणजे बंद दुकान. प्यायल्यावर मात्र ते त्याला 'काच्या' म्हणत, डोक्यावरून हात फिरवत, दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवत. त्याला तो माणूस हवा होता, आणि तो माणूस बाटलीतूनच बाहेर यायचा. मग तो स्वतःच आणून द्यायला लागला. पुढे पुढे सकाळी मास्तरांचे हात असे कापायला लागले की कात्री कापडावर ठरेना. तेव्हा उठल्या उठल्या स्टीलच्या पेल्यात थोडी ओतून काचवाला त्यांच्या हातात द्यायचा. दोन्ही हातांनी पेला धरून ते प्यायचे. जरा वेळाने हात स्थिर व्हायचे आणि दुकान उघडायचं. त्यांच्या कापण्याची तारीफ सगळा गाव करत असे.

डॉक्टरकडे जायला मास्तर तयार नसत. "डॉक्टर आधी पोट बघत नाही, आधी विचारतो लग्न झालंय का. नाही म्हटलं की विचारतो का नाही. त्यापेक्षा पोट दुखलेलं बरं."

बाटल्या वरच्या खोलीत असायच्या. त्याला कारण अक्का. त्यांचे वडील दारूनेच गेले होते, आणि आईमागे अक्कानेच मास्तरांना वाढवलं होतं. वडिलांना पोचवून आल्यावर तिने धाकट्या भावाकडून वचन घेतलं होतं, थेंबालाही शिवणार नाही म्हणून. मास्तरांनी ते दिलं होतं, आणि अक्का त्यावर निर्धास्त होती. एकदा न सांगता आली. वरची खोली झाडायला म्हणून जिना चढली आणि काचांच्या मागून बाटली घेऊन खाली उतरली.

"हे काय आहे?"

मास्तरांचा चेहरा कापडासारखा पांढरा झाला. काचवाला पुढे झाला. "माझी आहे."

अक्काने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाटलंच मला. तोंडावरूनच दिसतं." आणि भावाकडे वळून म्हणाली, "काढून टाक याला. नासका आंबा टोपलीत ठेवू नये."

मास्तर कसेबसे म्हणाले, "राहू दे अक्का. बिचारा एकटा आहे."

तेव्हापासून अक्काच्या लेखी तो बेवडा भाडेकरू. आली की विचारायची, "काय काचवाले, आज पाय जमिनीवर आहेत का?" काचवाला मान खाली घालून हो म्हणायचा. ती गेल्यावर मास्तर म्हणायचे, "काच्या, तिला माझं कळलं तर मी मेलो समज. एवढं एक सांभाळ." त्याने ते सांभाळलं. दोन गुपितं एकाच कुलपात होती आणि किल्ली त्याच्याकडे होती.

मग मास्तर दुकानाच्या पायरीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. काचवाल्याने त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं आणि अक्काला फोन केला. ती आली तेव्हा एक तरुण डॉक्टरीण मास्तरांच्या खाटेशी उभी राहून विचारत होती. साखर आहे का, रक्तदाब आहे का, तंबाखू?

"सुपारीचं खांडसुद्धा नाही," अक्का म्हणाली.

"दारू?"

"नाव काढू नका. आमच्या घरात एवढा निर्मळ माणूस दुसरा नाही."

डॉक्टरणीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वेदनेने डोळे मिटून होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग तिची नजर काचवाल्याकडे गेली. "हे कोण?"

"भाडेकरू," अक्का म्हणाली.

काचवाला मूग गिळून उभा राहिला. इतक्या वर्षांची सवय. कुणी विचारलं की तोंड आपोआप मिटायचं.

संध्याकाळी अक्का बाजारातून चादर आणायला गेली, तेव्हा मास्तरांचे हात कापायला लागले होते. "काच्या," ते कुजबुजले, "जीव जातोय रे." काचवाला समजला. तो घरी जाऊन चहाच्या थर्मासमध्ये दारू भरून घेऊन आला आणि झाकणाने, थोडी थोडी, त्यांना पाजली. परिचारिकेला वाटलं चहा देतोय. हात थांबले. मास्तर हसले. "देवमाणूस आहेस." काचवाल्यालाही बरं वाटलं. त्याला वाटलं, असंच रोज थोडं थोडं देऊन हे दिवस काढू. त्याने आयुष्यभर अडचणी अशाच काढल्या होत्या, लपवून.

पण दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, श्वासाचा काही त्रास झाला, आणि मास्तरांना वेगळ्या खोलीत हलवलं. त्या दारावर पहारेकरी बसलेला. "फक्त रक्ताचं नातं," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

"शेजारी."

"मग बाहेर बसा."

काचवाला बाहेरच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसला. दाराला एक काच होती, तिच्यातून मास्तरांच्या खाटेची अर्धी बाजू दिसायची. आधी त्याला दिसलं की मास्तर घामाने भिजलेत. मग दिसलं की ते हवेत बोटं जुळवताहेत, दोरा तोंडात ओला करून सुईत ओवल्यासारखं. अक्का बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती.

"कपडे बेततोय हो बिचारा. भिंतीवर मुंग्या चढल्यात म्हणतो, झाडून काढ म्हणतो. कामाची इतकी सवय, आजारपणातही सुटत नाही."

काचवाल्याने मांडीवरचा थर्मास घट्ट धरला. टपालवाला दारू सोडायला निघाला होता तेव्हा एकदा त्यालाही अशाच मुंग्या दिसल्या होत्या, आणि वाचनालयाच्या मालकाने घाईघाईने पेला तोंडाला लावून त्या घालवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी हाताला लावलेली सलाइनची सुई उपटली. ताप चढला. त्यांचे हात खाटेला बांधले गेले. डॉक्टरीण बाहेर येऊन अक्काला म्हणाली, "संसर्ग आहे का बघतोय, वेदनेच्या औषधाचाही परिणाम असू शकतो. पुन्हा विचारते, पीत नव्हते ना खरंच?"

"किती वेळा सांगू?" अक्का म्हणाली. "पिणारा तो बघा, तिथे बसलाय. थर्मास घेऊन."

डॉक्टरीण आत जायला वळली. दाराच्या काचेतून काचवाल्याला मास्तरांची बांधलेली मनगटं दिसत होती. त्या मनगटांखाली बोटं अजून सुईत दोरा ओवत होती. तो उठला. "एवढं एक सांभाळ" हे शब्द त्याच्या कानात होते. त्याने भिंतीला हात लावला.

"ते पितात," तो म्हणाला.

अक्का त्याच्या अंगावर आली. "चोराच्या उलट्या बोंबा. स्वतःची घाण त्याच्यावर ओततोस? तो तिकडे मरणाच्या दारात आणि तू—"

"रोज पितात. सकाळी उठल्यावर पहिली. नाही मिळाली तर हात कापतात. परवा संध्याकाळी मी यातूनच पाजली." त्याने थर्मास पुढे केला.

डॉक्टरणीने झाकण उघडून वास घेतला. तिचा आवाज कडक झाला. "भूल द्यायच्या आदल्या संध्याकाळी?" मग स्वतःला आवरून तिने विचारलं, "रोज किती?"

"एक बाटली. सुट्टीच्या दिवशी जास्त."

"खोटं बोलतोय हा," अक्का म्हणाली. "वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला काय ठाऊक, खाली माझा भाऊ सकाळी काय करतो?"

काचवाल्याने डॉक्टरणीकडे पाहिलं नाही. अक्काकडेही नाही. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मी वर राहत नाही, अक्का. मी त्यांच्याजवळ झोपतो. सकाळचा पेला मीच देतो."

पहारेकरी दुसरीकडे बघू लागला. अक्काचं तोंड उघडं होतं तसंच राहिलं. सगळा जन्म काचवाल्याला ज्या क्षणाची धास्ती होती तो हाच. पण डॉक्टरणीने 'म्हणजे तुम्ही कोण?' असं विचारलं नाही. तिने विचारलं, "शेवटची परवा संध्याकाळी, नक्की?" आणि तो हो म्हणताच ती धावत आत गेली.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, परिचारिका धावल्या. मास्तरांना झटका आला होता. पुन्हा एक आला. मग औषधं बदलली आणि रात्र व्हायच्या आत ते शांत झाले. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा काचवाल्यालाच म्हणाली, "रोजची दारू एकदम तुटली की असं होतं. जीवही जातो. पहिल्या दिवशी कळलं असतं तर आधीपासून औषध देता आलं असतं." थोडं थांबून म्हणाली, "यातून निघतील बहुतेक. पण पोटात पाणी झालंय, यकृत दगडासारखं लागतंय. ते पडण्याशी संबंधित नाही. ते वर्षानुवर्षांचं आहे. तुम्ही पिता?"

"सोडली."

"तरी तपासून घ्या. तुमचं काय राहिलंय काय गेलंय, बघायला हवं."

त्याने मान हलवली. त्याच्याबद्दल असं कुणी विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं.

अक्का बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. समोर बघतच म्हणाली, "म्हणजे ती बाटली तुमची नव्हती."

"नव्हती."

"आणि मी तुम्हाला इतकी वर्षं बेवडा म्हणत आले."

"चालायचंच. सवय झाली होती."

"बाबा गेले तेव्हा त्यांचं पोट असंच झालं होतं. मडक्यासारखं. मी धुवायची ते." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुम्ही ओतून देत होतात. रोज. आणि वर म्हणता—" पुढचा शब्द तिला सापडला नाही, किंवा तोंडातून काढायचा नव्हता.

ती म्हणाली ते खरंच होतं.

"मी इथे असताना येऊ नका," अक्का म्हणाली आणि उठून आत गेली.

तो दोन दिवस आला नाही. काम करायला गेला, एका दुकानाची मोठी काच बसवताना हात चुकला, तळहात कापला. तिसऱ्या दिवशी तो इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभा होता, तेव्हा पहारेकऱ्याने त्यालाच हाक मारली. "अहो, तुमच्यासाठी आत जायचा पास ठेवलाय. बहीणबाईंनी. त्या दुपारी जेवायला जातात तेव्हाचा. मास्तरांचे घरचे, असं सांगितलंय." काचवाल्याने विचारलं, "आणखी काय म्हणाल्या?" पहारेकरी म्हणाला, "काही नाही. त्या बोलतात कुठे."

मग रोज दुपारी तो जाऊ लागला. अक्का एका दाराने निघायची, तो दुसऱ्या दाराने यायचा. दोघांची गाठ पडली नाही.

मास्तर शुद्धीवर आले होते, त्यांना आता इतर रोग्यांच्या मोठ्या खोलीत हलवलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे, गाल आत, पोट वर. पण डोकं स्वच्छ होतं, कित्येक वर्षांत नव्हतं इतकं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "अक्काला काय सांगितलंस?"

"खरं."

"सगळं?"

"सगळं."

मास्तरांनी पांघरुणाची कड बोटांनी चाचपली. "मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

"ती माझे पाय पुसते, औषध देते. डोळ्याला डोळा देत नाही. असं जगवलंस मला तू." हे ते रागाने म्हणाले नाहीत. शिवण उसवल्यावर गिऱ्हाईक कापड समोर ठेवतं, तसं ठेवलं.

काचवाल्याने त्यांना पेज भरवली. डॉक्टरीण सांगून गेली होती, एक थेंबही पोटात गेला तर आतल्या नसा फुटतील. अजून दिवस निघतील, काही महिनेही निघतील, पण एवढं पाळलं तर.

काही दिवस बरे गेले. एकदा मास्तरांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाची नक्कल करून दाखवली. काचवाला हसला आणि हसता हसता त्याला जाणवलं की हे मास्तर शुद्धीत आहेत. हे आधी का झालं नाही, हा विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही.

मग एका दुपारी मास्तरांनी त्याचा पट्टी बांधलेला हात धरला. भरल्या खोलीत, दिवसाढवळ्या. "काच्या. थर्मास आणशील का उद्या?"

"नाही."

"झाकणभर. जिभेला लागेल एवढीच."

"डॉक्टरीण काय म्हणाली ऐकलंत ना?"

"ती काय, पगारी. तू माझा आहेस ना? आजवर नाही म्हणाला नाहीस. आता मरताना म्हणतोस?"

"आता म्हणतोय," काचवाला म्हणाला. "आधी म्हणायला पाहिजे होतं."

मास्तरांनी हात सोडला. त्यांचा चेहरा आवळला, आणि काचवाल्याला कधीही न दिसलेलं काहीतरी त्यात आलं. त्यांनी परिचारिकेला हाक मारली. "ताई, यांना बाहेर काढा. हे माझे कुणी नाहीत. भाडेकरू आहेत. इथे फक्त नात्याची माणसं असतात ना? मग हे कसे आले?"

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वर केली. परिचारिका काचवाल्याकडे बघत राहिली. काचवाल्याला उठून जाता आलं असतं. लाजून बाजूला होणं त्याला जन्मभर जमलं होतं. तो उठला नाही.

"पास आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "त्यांच्या बहिणीने दिलाय."

"मग बसा," परिचारिका म्हणाली, "पण त्यांना त्रास देऊ नका," आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या पाठीचे मणके अंगातल्या पातळ सदऱ्यातून मोजता आले असते. काचवाला स्टुलावर बसून राहिला. दुपार उतरली, पेज वाटीत गार झाली. दुसऱ्या दाराशी अक्का जेवून परत येऊन उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. त्याने तिला पाहिलं, तरी तो उठला नाही. अक्काही आत आली नाही. मास्तर भिंतीशी पुटपुटत होते, "जा की. जा की रे," आणि तो तिथेच बसून होता.